मागणीनुसार

महापालिकेनं बसवर रंगवून घेतलंय : मागणीनुसार सेवा.
आमच्याकडं मागणी पोरीला येती,
नाहीतर हळदीला, सौद्याच्या टायमाला.
बसलाही मागणी घालतात
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

तेरा सीटा, एसी, आणि स्टिअरिंगशेजारी
पाटीएवढी काच.
काच बोलते. बाईच्या आवाजात, पुण्याकडच्या.
‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा.’
डावीकडं गेल्या पुरापासून रस्ताच नाही.
मी सरळ जातो.
ती जरा गप्प बसते, मग नवं गणित मांडते.
रुसत नाही, एवढं एक बरं.

त्याआधी मी वडाप मारायचो.
सांगली-मिरज, एकोणीस वर्षं.
नऊच्या गाडीत सतरा,
अठरावा मागच्या फळीवर, एक पाय हवेत.
तेव्हा गाडी माणसाला हाक मारायची.
आता माणूस बोटानं गाडीला हाक मारतो
आणि पंख्याखाली बसून बघतो, ठिपका कुठवर आला.
तो ठिपका मी.
विश्रामबागला ट्रॅफिकमध्ये अडकलो
की कुठल्या कुठल्या घरात
माझ्या नावानं बोटं मोडत असतील.

तक्रार नाही माझी.
कुपवाडच्या एमआयडीसीत रात्री पावणेबाराला
शालन वायदंडे सुटते. केसांत कापूस.
पूर्वी चार बायका जमल्याशिवाय
गेटवरची रिक्षा हलायची नाही.
आता एकटीसाठी सबंध गाडी जाते.
पहिल्या रात्री ती चढेचना.
पायरीवर हात ठेवून म्हणाली,
‘बाकीच्या येऊ द्यात की.’

आणि एकदा मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
मोमीनांच्या पोरानं एक सीट मागितली
आणि आला तंबोरा घेऊन, चादरीत गुंडाळलेला.
भोपळा सीटवर टेकवला, स्वतः उभा राहिला.
काच म्हणाली : प्रवासी एक.
बरोबरच होतं म्हणा.

मंगळवारी सव्वादहा, सांगली स्टँड :
कलगोंडा मगदूम.
हा आमचा एजंट होता वडापचा.
नंबर लावायचा, गाडीमागं दोन रुपये घ्यायचा
आणि ओरडायचा,
मिर्ज मिर्ज मिर्ज मिर्ज,
असा, की चहा प्यायला आलेला माणूस
कप ठेवून मिरजेला जायचा.
गळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिथं पांढरी पट्टी,
आणि बोलणं वहीत.
तपासणीच्या दिवशी नातू मोबाईलवर गाडी मागवून देतो.

माझ्या शेजारी बसतो. काच बघतो.
नावं येतात, वेळा येतात,
कुणी ओरडलं नाही तरी गाडी भरत जाते.
परवा वही पुढं केली :
‘ह्यात कमिशन कुणाला?’
मी म्हटलं, पुण्याच्या बाईला.
त्याचे खांदे हलले. हसला असणार.

मार्केट यार्डापाशी एक गडी उभा होता,
डोक्याला टॉवेल, हातात डबा,
येणाऱ्या प्रत्येक चाकाकडं बघत.
काचेवर तिथं काही नव्हतं. मोकळा रस्ता.
कलगोंडानं माझ्या कोपराला
एक बोट लावलं.
मी वेग कमी केला, खिडकी खाली घेतली,
ऊन आणि हळदीचा खकाणा आत आला,
आणि ओरडलो.
पहिल्या मिर्जला आवाज फाटला,
तिसऱ्याला लागला.
मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं.
गडी पळत आला.

‘आपण मार्गात थांबला आहात,’ बाई म्हणाली.
थांबलोय, म्हटलं.

कलगोंडानं काही लिहिलं नाही.
दोन बोटं वर केली.
मी डॅशबोर्डवरचं नाणं
त्याच्या तळहातावर ठेवलं.
त्यानं ते उलटंपालटं करून बघितलं,
मग खिशात टाकलं.